आकृत्यांचा समसंबंध : वळण आणि आकारमान यांचा अभ्यास

गोंदिया तालुक्यातील मुर्रीसारख्या गावातून पाचवीचा विद्यार्थी जेव्हा जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेला बसतो, तेव्हा त्याच्यासमोर येणाऱ्या ८० प्रश्नांपैकी ४० प्रश्नांमध्ये वाचण्यासारखे फारसे काही नसते. त्यांत असतात केवळ आकृत्या. एकूण १०० गुणांपैकी ५० गुण या आकृत्यांच्या विभागाला आहेत. राज्यातील शिष्यवृत्ती परीक्षेतही 'बुद्धिमत्ता चाचणी' हा विषय दीर्घकाळ अभ्यासक्रमाचा भाग राहिला आहे. परीक्षेच्या इयत्ता बदलल्या, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलले. परंतु आकृत्यांमधील संबंध ओळखण्याचे प्रश्न कायम राहिले.

या प्रश्नांविषयी शाळांमधून दोन टोकाच्या समजुती आढळतात. ज्याला ते येतात तो मुळातच हुशार आणि ज्याला येत नाहीत त्याला ते कधी येणारच नाहीत, ही एक. प्रश्नांचे शेकडो नमुने पाठ करून घेतले की काम भागते, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आकृत्यांचे प्रश्न पद्धतशीर विचाराने सुटतात आणि तो विचार शिकवता येतो. प्रस्तुत लेखात समसंबंधाच्या प्रश्नांपैकी अधिक अवघड वाटणारा एक प्रकार, म्हणजे आकृती वळणे आणि तिचे आकारमान बदलणे हे दोन्ही बदल एकाच वेळी घडणारे प्रश्न, विचारासाठी घेतला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

समसंबंधाच्या प्रश्नात चार जागा असतात. पहिल्या दोन जागी दोन आकृत्या दिलेल्या असतात व त्यांच्यात काही संबंध असतो. तिसऱ्या जागी एक आकृती असते आणि चौथ्या जागी प्रश्नचिन्ह. पहिलीचा दुसरीशी जो संबंध, तोच तिसरीचा चौथीशी असला पाहिजे. चौथी आकृती दिलेल्या चार पर्यायांतून निवडायची असते. शब्दांच्या बाबतीत हा विचार मुलांच्या परिचयाचा असतो. 'गाय : वासरू, तर शेळी : ?' असे विचारले, तर दुसरीतील मूलही 'करडू' असे उत्तर देते. आकृत्यांच्या प्रश्नात शब्दांची मदत नसते, एवढाच फरक आहे. म्हणूनच जो संबंध डोळ्यांना दिसतो तो प्रथम शब्दांत मांडणे, ही या अभ्यासाची पहिली पायरी होय.

दोन बदल, दोन स्वतंत्र प्रश्न

आकृती वळली आणि मोठीही झाली, तर विद्यार्थ्याला ती संपूर्ण वेगळीच भासते. यावर उपाय असा की, बदलाचे दोन भाग करावेत आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र प्रश्न विचारावा. पहिला प्रश्न : आकृती किती वळली आणि कोणत्या दिशेने? दुसरा प्रश्न : आकृती किती पटीने मोठी वा लहान झाली?

वळण मोजण्यासाठी घड्याळाची तबकडी हे उत्तम साधन आहे. आकृतीचे टोक १२ कडे होते ते ३ कडे गेले, तर पाव फेरा म्हणजे ९० अंश. ते ६ कडे गेले, तर अर्धा फेरा म्हणजे १८० अंश. एक तास म्हणजे ३० अंश, तेव्हा ४५ अंशांचे वळण म्हणजे दीड तासाचे अंतर. वळणाची दिशाही निश्चित सांगता आली पाहिजे. घड्याळाच्या काट्यांची दिशा लहान मुलांच्या लक्षात राहत नसेल, तर देवळातील प्रदक्षिणेची दिशा किंवा स्क्रू आवळण्याची दिशा दाखवावी. त्या दोन्ही एकच आहेत.

आकारमान पटीत मोजावे, फरकात नव्हे. ही बाब महत्त्वाची आहे. चौकटीच्या वहीवर एक झेंडा काढला आहे असे समजा. त्याची काठी ४ घरे उंच आहे आणि कापड २ घरे लांब व १ घर रुंद आहे. हा झेंडा दुप्पट केला, तर काठी ८ घरे, कापडाची लांबी ४ घरे आणि रुंदी २ घरे होईल. झेंड्याचे रूप तेच राहील. परंतु प्रत्येक मापात २ घरे मिळवली, तर काठी ६, लांबी ४ आणि रुंदी ३ घरे होऊन कापड बेढब दिसू लागेल. आकृतीचे रूप टिकते ते गुणाकाराने, बेरजेने नव्हे. गणितातील गुणोत्तर व प्रमाण या प्रकरणाची खरी ओळख येथेच होते. याच उदाहरणात कापडाने प्रथम २ घरे व्यापली होती, नंतर ८ घरे व्यापली, हेही मुलांकडून मोजून घ्यावे. बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. त्यामुळे चौपट जागा व्यापणारी आकृती पाहून 'चौपट मोठी' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला बाजू मोजण्यास सांगणे आवश्यक आहे.

वळण आणि आकारमान यांविषयी एक सोयीची गोष्ट अशी की, हे दोन बदल एकमेकांच्या आड येत नाहीत. आकृती आधी वळवून मग मोठी केली काय, किंवा आधी मोठी करून मग वळवली काय, शेवटी तीच आकृती मिळते. म्हणून विद्यार्थ्याला जो बदल आधी दिसेल तो त्याने आधी हाताळावा. दोन्ही बदलांत आकृतीचे कोन बदलत नाहीत आणि बाजूंचे परस्परांशी असलेले प्रमाणही बदलत नाही. ज्या पर्यायात कोन बदलला आहे किंवा एकच बाजू लांबली आहे, तो पर्याय त्या क्षणीच बाद करता येतो.

एक प्रश्न सोडवून पाहू

पहिली आकृती : एक लहान झेंडा, काठीचे टोक वर म्हणजे १२ कडे, कापड टोकापाशी उजव्या बाजूस. दुसरी आकृती : दुप्पट मोठा झेंडा, काठी आडवी, तिचे टोक ३ कडे, कापड टोकापाशी खालच्या बाजूस. तिसरी आकृती : एक लहान आडवी काठी, टोक डावीकडे म्हणजे ९ कडे, टोकापाशी काठीच्या वरच्या बाजूस एक ठिपका.

पर्याय असे आहेत. (१) दुप्पट काठी, टोक वर, ठिपका डाव्या बाजूस. (२) दुप्पट काठी, टोक उजवीकडे, ठिपका खालच्या बाजूस. (३) मूळ मापाची काठी, टोक वर, ठिपका उजव्या बाजूस. (४) दुप्पट काठी, टोक वर, ठिपका उजव्या बाजूस.

प्रथम तिसरी आकृती आणि पर्याय हाताने झाकावेत व फक्त पहिल्या दोन आकृत्या पाहाव्यात. काठीचे टोक १२ वरून ३ वर गेले आणि कापड ३ च्या बाजूवरून ६ च्या बाजूला आले. दोन्ही गोष्टी तीन तासांनी सरकल्या. म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने पाव फेरा झाला. बाजू दुप्पट झाली. आता नियम एका वाक्यात म्हणावा : 'पाव फेरा उजवीकडे, आणि दुप्पट.'

मग तिसऱ्या आकृतीवरचा हात काढावा; पर्याय मात्र झाकलेलेच राहू द्यावेत. टोक ९ वर आहे, ते तीन तासांनी १२ वर जाईल. ठिपका १२ च्या बाजूस आहे, तो ३ च्या बाजूस येईल. माप दुप्पट. म्हणजे उत्तर असे : मोठी काठी, टोक वर, ठिपका उजवीकडे. हे उत्तर कच्च्या कागदावर काढून मगच पर्यायांकडे वळावे. चौथा पर्याय बरोबर आहे.

चुका कोठे होतात

उरलेले तीन पर्याय निरुपयोगी नाहीत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे विचाराची एक विशिष्ट चूक असते आणि विद्यार्थ्याने कोणता पर्याय निवडला यावरून तो कोठे अडखळला हे शिक्षकाला कळते.

दुसरा पर्याय निवडणारा विद्यार्थी दुसऱ्या आकृतीची दिशा पाहतो. 'तेथे टोक उजवीकडे आहे, म्हणून येथेही उजवीकडे', असा त्याचा विचार असतो. त्याने बदल पाहिला नाही, केवळ अंतिम स्थिती पाहिली. हाच दोष आकारमानातही आढळतो. पहिली आकृती १ घराची, दुसरी २ घरांची आणि तिसरी २ घरांची असेल, तर उत्तर ४ घरांचे हवे. परंतु असा विद्यार्थी दुसऱ्या आकृतीइतकेच, २ घरांचे उत्तर देतो. नियम हा बदलाचा असतो, स्थितीचा नसतो, हे वाक्य वर्गात वारंवार सांगण्यासारखे आहे.

तिसरा पर्याय निवडणाऱ्याने वळण अचूक ओळखले, परंतु आकारमानाचा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. त्याला नियम एका वाक्यात म्हणण्याची सवय लावली की ही चूक बहुधा नाहीशी होते.

पहिला पर्याय सर्वांत फसवा आहे. त्यात दिशा बरोबर आहे, मापही बरोबर आहे. परंतु ती आकृती वळवलेली नसून आरशातील प्रतिमेसारखी उलटलेली आहे. यासाठी एक सोपी कसोटी आहे. काठीच्या बुंध्याशी आपण उभे आहोत आणि टोकाकडे तोंड केले आहे अशी कल्पना करावी. कापड किंवा ठिपका आपल्या कोणत्या हाताला येतो? पहिल्या आकृतीत उजव्या हाताला, दुसऱ्या आकृतीत उजव्या हाताला, तिसऱ्या आकृतीतही उजव्याच हाताला. आकृती कितीही वळवली वा कितीही मोठी केली तरी उजवा हात डावा होत नाही. पहिल्या पर्यायात ठिपका डाव्या हाताला येतो, म्हणून तो बाद. शाळेच्या अंगणात चुन्याने मोठी आकृती आखून तिच्यावर मुलांना प्रत्यक्ष उभे केल्यास ही कसोटी कायमची लक्षात राहते.

आतली आणि बाहेरची आकृती

पुष्कळदा प्रश्नात दोन आकृत्या एकीत एक असतात. उदाहरणार्थ, पहिल्या जागी मोठा चौरस आणि त्याच्या आत शिरोबिंदू वर असलेला लहान त्रिकोण आहे. दुसऱ्या जागी शिरोबिंदू खाली असलेला मोठा त्रिकोण आणि त्याच्या आत लहान चौरस आहे. येथे आतली आकृती मोठी होऊन बाहेर आली व अर्धा फेरा वळली. बाहेरची लहान होऊन आत गेली. प्रत्येक घटकाचा नियम वेगळा असू शकतो, म्हणून प्रत्येक घटकाची चौकशी स्वतंत्रपणे करावी. आत काय होते व त्याचे काय झाले, बाहेर काय होते व त्याचे काय झाले, अशा दोन ओळी मांडल्या की गोंधळ होत नाही.

परंतु याच उदाहरणात एक अडचण दडलेली आहे. चौरस वळला की नाही? चौरस पाव फेरा वळवला तरी तसाच दिसतो. आता तिसऱ्या जागी बाहेर उजवीकडे टोक असलेला त्रिकोण आणि आत कमान वर असलेले अर्धवर्तुळ दिले, तर अर्धवर्तुळ मोठे होऊन त्याची कमान खाली येईल हे नक्की. मात्र आत जाणाऱ्या त्रिकोणाचे टोक उजवीकडेच राहील की डावीकडे जाईल, हे चौरसावरून ठरत नाही. दोन्ही उत्तरे पर्यायांत ठेवली, तर तो प्रश्नच सदोष होय.

सराव प्रश्न तयार करणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. साधा बाण वर होता तो खाली झाला, यावरून अर्धा फेरा आणि पाण्यातील प्रतिबिंब यांत फरक करता येत नाही. तिसऱ्या जागी झेंडा दिला, तर अर्ध्या फेऱ्याने त्याचे कापड डावीकडे येते व प्रतिबिंबाने ते उजवीकडेच राहते. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात आणि नीट विचार करणारा विद्यार्थीच त्यात अडकतो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या जोडीतील आकृतीच्या एका कोपऱ्यात ठिपका किंवा एका बाजूस छोटी रेघ द्यावी. तेवढ्या खुणेने वळण निश्चित होते.

संशोधन काय सांगते

मनातल्या मनात आकृती वळवणे ही क्रिया प्रयोगशाळेत मोजली गेली आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या अमेरिकन संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या व त्या एकच आहेत की वेगळ्या, हे विचारले. दोन आकृत्यांमधील कोन जितका मोठा, तितका उत्तरास अधिक वेळ लागला आणि ही वाढ कोनाच्या प्रमाणात सरळ होती. जणू माणूस आकृती हातात धरून हळूहळू फिरवत असावा, तशीच ती मनात फिरते. आकारमानाच्या बाबतीतही तसेच आढळले. डेन्मार्कमधील बुंडेसेन आणि लार्सेन यांनी १९७५ साली दाखवून दिले की, दोन आकृत्यांच्या मापांतील पट वाढली की त्या जुळवून पाहण्याचा वेळही वाढतो. यावरून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वळणे आणि मोठे करणे या दोन्ही क्रियांना मनात वेळ लागतो. संथ विद्यार्थी चुकीचा असतोच असे नाही. प्रथम अचूकता आणि मग गती, हा क्रम ठेवावा.

याच प्रकारचे प्रश्न यंत्राकडूनही सोडवून घेण्यात आले आहेत. अमेरिकेतील थॉमस इव्हान्स यांनी १९६० च्या दशकात संगणकासाठी त्याकरिता एक कार्यक्रम रचला होता. तो प्रथम प्रत्येक आकृतीचे भाग व त्यांचे परस्परसंबंध नोंदवी, मग पहिल्या दोन आकृत्यांतील बदलाचा नियम शोधी आणि शेवटी तो नियम कोणत्या पर्यायाला लागू पडतो हे तपाशी. वर दिलेली पद्धत मूलतः हीच आहे.

आकृत्यांवर आधारलेल्या चाचण्यांचा प्रसार ब्रिटनमधील जॉन रेव्हन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीपासून विशेष झाला. भाषा आणि शालेय ज्ञान यांवर अवलंबून नसलेली चाचणी असावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा देशांतील गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच पिढीच्या अंतरात अशा चाचण्यांतील गुण मोठ्या प्रमाणात वाढल्याचे दिसून आले. एका पिढीत माणसाचा मेंदू बदलत नाही. बदलतो तो शिक्षणाचा व सरावाचा परिसर. म्हणून आकृत्यांच्या चाचणीतील कमी गुण हा मुलाच्या कुवतीचा अंतिम निवाडा मानणे अन्यायाचे आहे. ज्याने असा प्रश्न परीक्षेच्या खोलीत प्रथमच पाहिला, त्याचे गुण त्याच्या अपरिचयाचे असतात.

भाषेचा मुद्दा

गोंदिया जिल्ह्यातील अनेक घरांतून पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी या बोली व भाषा बोलल्या जातात. आकृत्यांचा विभाग अशा मुलांना सोयीचा वाटावा, कारण त्यात मराठीच्या वाचनाचा भार कमी असतो. परंतु सूचना मात्र भाषेतच दिलेल्या असतात. 'घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने' हा शब्दप्रयोग ज्याला उमगला नाही, त्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी तो मागे पडतो. शिक्षकांनी वळणाचे व मापाचे शब्द एकदा मुलांच्या घरच्या बोलीत समजावून द्यावेत आणि मग प्रमाण मराठीतील शब्दांशी त्यांची सांगड घालावी.

खर्चाविना साधने

या अभ्यासासाठी महाग साहित्याची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून झेंडा, बाण, पायरी अशा आकृत्या कापाव्यात आणि टाचणीने मध्यभागी टोचून फिरवाव्यात. आकृती वळवलेली आहे की उलटलेली आहे, हे पुठ्ठ्याची एक बाजू रंगवली की लगेच कळते. रंगीत बाजू वर ठेवूनच आकृती जुळत असेल तर ते वळण, पुठ्ठा पालथा करावा लागला तर ती आरशातील प्रतिमा.

आकारमानासाठी सावलीचा उपयोग करावा. अंधाऱ्या खोलीत विजेरी किंवा मेणबत्ती ठेवून पुठ्ठा भिंतीला समांतर धरावा. दिवा आणि भिंत यांच्या बरोबर मध्यावर पुठ्ठा धरला की सावली दुप्पट होते. पुठ्ठा दिव्याकडे नेला की सावली वाढते, परंतु तिचे कोन तेच राहतात. विडीसाठी तेंदूची पाने साच्यावर धरून कापताना ज्यांनी पाहिले आहे, त्या मुलांना वेगळे उदाहरणही द्यावे लागणार नाही. साचा पानावर कोणत्याही कोनात ठेवला तरी कापलेला तुकडा त्याच रूपाचा निघतो, हे त्यांनी पाहिलेलेच असते.

परीक्षेपलीकडचा उपयोग

हे कौशल्य केवळ परीक्षेपुरते नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यांसमोर जेव्हा गावाचा नकाशा पसरला जातो, तेव्हा हेच दोन बदल त्यांना करावे लागतात. नकाशात उत्तर दिशा वर असते आणि आपण उभे असतो दक्षिणेकडे तोंड करून. नकाशा मनात अर्धा फेरा वळवावा लागतो. नकाशातील बोटभर रस्ता जमिनीवर शेकडो मीटरांचा असतो. मापही मनात वाढवावे लागते. नाली कोणाच्या घराकडून जाणार, शाळेची नवी खोली कोणत्या बाजूस येणार, हे कागदावरून ज्याला वाचता येते तो सभेत योग्य वेळी योग्य प्रश्न विचारू शकतो. सुतार, गवंडी, शिंपी, यंत्रकारागीर आणि अभियंता या सर्वांच्या कामाचा पाया हाच आहे.

शाळा, पालक आणि पंचायत

गोंदिया जिल्ह्याचे नवोदय विद्यालय नवेगाव बांध येथे आहे. नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ साली सुरू झाली आणि देशातील पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक महाराष्ट्रात, अमरावती येथे निघाले. सहावीच्या प्रवेशासाठी एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा असतात व त्यांपैकी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात. परीक्षेचा अर्ज निःशुल्क असून ती मराठीतूनही देता येते. संधी खुली आहे. परंतु तिची माहिती आणि तयारी या दोन गोष्टी गावापर्यंत पोहोचल्या नाहीत, तर खासगी शिकवणीचा खर्च पेलणाऱ्या घरांनाच तिचा लाभ होतो.

नवोदयच्या परीक्षेत आकृत्यांच्या ४० प्रश्नांसाठी साधारण एक तास मिळतो. म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट. चौथीपासूनच आठवड्यातून एक तास या अभ्यासाला दिला, तर ही गती सहज साध्य होते. शाळा व्यवस्थापन समितीने तसा तास ठरवून घ्यावा. ग्रामपंचायतीने अर्जाच्या मुदतीची सूचना फलकावर लावावी आणि अर्ज संगणकावर भरण्यास पालकांना साहाय्य करावे. शिक्षकांनी प्रत्येक चुकीच्या उत्तराला 'असे का वाटले?' हा प्रश्न विचारावा, कारण उत्तरापेक्षा त्यामागील विचार दुरुस्त होणे अधिक मोलाचे आहे.

आकृती वळली म्हणून ती बदलत नाही आणि मोठी झाली म्हणून ती वेगळी होत नाही. तिच्यातील कोन आणि प्रमाण कायम राहतात. बदललेल्यातून न बदललेले ओळखणे हाच या प्रश्नांचा गाभा आहे. तो उमगलेला विद्यार्थी मुर्रीच्या शाळेतील असो वा महानगरातील, परीक्षेच्या खोलीत दोघांपुढचा कागद सारखाच असतो. दोघांची तयारीही सारखी व्हावी, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.